कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं, मग हृदयात काय बदललं होतं? सोलापूरच्या एका माग कामगाराचं प्रकरण

पेशंटचं वय ४८, राहणार पूर्व भाग, टॉवेलच्या कारखान्यात तरुणपणापासून मागावर, बहुतेक वर्षं रात्रपाळी. घरात बायको विड्या वळायची, मुलगी बीएस्सीला, मुलगा दहावीत. घरी तेलुगू बोलतात पण बाहेर सगळा व्यवहार मराठीतच, पूर्व भागातल्या बहुतेक घरांसारखा. २०१६ चा जानेवारी महिना, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा चालू होती त्याच आठवड्यात पहाटे तीनच्या सुमारास मागावर उभं असताना छाती भरून आली, घाम फुटला, डावा हात जड झाला. त्यांना वाटलं पित्त आहे, सोडा पिऊन बसले, पण अर्ध्या तासात उलटी झाल्यावर शेजारच्या मागावरच्या दोघांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आल्याचं स्पष्ट दिसत होतं, अँजिओग्राफीत उजवी धमनी जवळपास पूर्ण बंद, लगेच स्टेंट टाकला. त्यानंतर आयसीयूत काही तासांनी ठोके एकदम बिघडले, ज्याला डॉक्टर व्हीटी म्हणतात, म्हणजे खालचा कप्पा स्वतःच्याच नादात भलत्या वेगानं धावायला लागतो आणि रक्त पुढं ढकललंच जात नाही. शॉक द्यावा लागला. एका शॉकमध्ये ठोका जागेवर आला.

मी आहाराचं काम करते, माझ्याकडे ते वॉर्डात हलवल्यावर आले. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे नातेवाईकांचा एकच प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. अ‍ॅडमिट होताना काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता: एकूण कोलेस्टेरॉल १७८, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ११२, ट्रायग्लिसराइड १८५, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल २९. साखर नॉर्मल. भाऊ म्हणाला, "मॅडम, दोनशेच्या आत कोलेस्टेरॉल आहे म्हणतात, मग अ‍ॅटॅक कसा काय आला ओ?" माझं पहिलं बोट एचडीएलच्या २९ वर गेलं, कारण पुरुषात ते निदान ४० च्या वर असावं, आणि ट्रायग्लिसराइडही चढलेलं होतं, म्हणजे रिपोर्ट वाटतो तेवढा निरोगी नव्हताच. पण त्याहून महत्त्वाचं सांगायचं होतं ते हे की रक्ताचा रिपोर्ट म्हणजे रस्त्यावरून चाललेल्या चरबीची मोजणी आहे, हृदयाच्या पेशी स्वतः कसल्या चरबीच्या बनल्यात ते त्या कागदावर कुठंच नसतं, आणि मला शोधायचं होतं ते ट्रान्स फॅट, म्हणजे पातळ तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणारी चरबी.

खाण्याची चौकशी करताना मी नेहमी दिवसाच्या सुरुवातीपासून विचारत नाही, पाळीच्या सुरुवातीपासून विचारते, नाहीतर रात्रपाळीवाल्यांचं निम्मं खाणं सुटून जातं. इथं तेच निघालं. घरचं जेवण अगदी साधं, ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाची चटणी, भात, आठवड्यातून एकदा मटण. तेलसुद्धा फार नाही. मी विचारलं वनस्पती तूप वापरता का, तर अक्का, म्हणजे त्यांची बायको, लगेच म्हणाल्या, "डालडा कुठला ओ मॅडम, घरात येतच नाही." खरंच येत नव्हतं. पण कारखान्यात रात्री दोनदा चहा, दोन्ही वेळेला खारी, पहाटे सुटल्यावर टपरीवर पुन्हा चहाबरोबर बेकरीतला कडक बटर किंवा पाव, झोपून उठल्यावर चार वाजता क्रीमची बिस्किटं. खारी रात्रभरात शंभर ग्रॅमच्या आसपास व्हायची, आणि हे एक-दोन वर्षं नाही, लग्नाच्या आधीपासून. रात्री कारखान्याच्या आसपास दुसरं मिळतं तरी काय, आणि खारी हलकी असते अशी सगळ्यांचीच समजूत आहे, तोंडात विरघळते म्हणून हलकी.

भेटायला आलेल्या कुणीतरी पेशंटसाठीच खारीचा पुडा आणला होता आणि तो उशाशी तसाच पडून होता. मी एक तुकडा वर्तमानपत्रावर दाबला. थंडीचे दिवस होते, कागदावर तेलाचा पारदर्शक डाग पडायच्या ऐवजी मेणासारखा पांढरट थर उठला, नखानं खरवडता येईल असा. अक्का बघत राहिल्या. आता इथं एक सांगितलं पाहिजे, पांढरा थर आला म्हणजे ट्रान्स फॅटच आहे असं सिद्ध होत नाही, पाम तेलातला घट्ट भागही असाच गोठतो. पण खारीचे पदर सुटायला घट्ट फॅटच लागतं, पातळ तेलानं पदर सुटत नाहीत, आणि त्या काळात बेकरीत ते घट्ट फॅट म्हणजे बहुतेक करून वनस्पती किंवा बेकरी मार्गारिन, जे पातळ तेलातून हायड्रोजन सोडून घट्ट केलेलं असायचं.

ही पद्धत जुनी आहे. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, निकेलच्या भुकटीच्या मदतीनं तेलात हायड्रोजन बसवायचा. तेल पूर्ण भरून टाकलं तर ते दगडासारखं होतं, म्हणून मधेच थांबवायचे, आणि या अर्धवट थांबण्यातच ट्रान्स फॅट तयार होतं. हायड्रोजन न मिळालेल्या काही साखळ्या पुन्हा मोकळ्या होतात पण उलट्या वळणानं. आपल्याकडे डालडा १९३७ ला आला आणि पुढं पिढ्यान् पिढ्या लग्नाच्या बुंदीपासून बेकरीपर्यंत सगळं त्याच्यावर किंवा त्याच्या भावंडांवर चाललं.

हिशोब कागदावर मांडून दाखवला. खारीत वजनाच्या साधारण तीस टक्के फॅट धरू, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये तीस ग्रॅम. त्यावेळी भारतात फॅटमध्ये १० टक्क्यांपर्यंत ट्रान्स चालत होतं, म्हणजे अगदी कायद्यातली खारी असली तरी तीन ग्रॅम, आणि लेबल नसलेलं सुटं फॅट असेल आणि त्यात वीस टक्के असेल तर सहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाच्या ऊर्जेच्या एक टक्क्याच्या आत ठेवा, दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला म्हणजे जेमतेम २.२ ग्रॅम. वरून बिस्किटं आणि बटर धरले की हा माणूस रोज सहज चार-पाच ग्रॅमच्या घरात. २००६ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात मोझाफेरियन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या पाहण्या एकत्र करून मांडलं होतं की ऊर्जेच्या दोन टक्के, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, ट्रान्स फॅट वाढलं की हृदयविकाराचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त दिसतं. घरात डालडा येत नव्हता आणि तरी हे.

मग मुलीनं जो प्रश्न विचारला त्यासाठी खरं तर हे सगळं लिहितेय. ती म्हणाली, "मॅडम, पप्पांनी खाल्लेलं ते हृदयात जाऊन बसतं का? म्हणजे नळीत नाही, त्या मांसातच?"

हो, बसतं. आणि हे १९५७ पासून माहीत आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात फ्रेड कुमेरो म्हणून संशोधक होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनात मिळालेले माणसांचे अवयव तपासले आणि चरबीच्या थरात, यकृतात, महाधमनीत आणि हृदयाच्या स्नायूतसुद्धा ट्रान्स फॅट सापडल्याचं सायन्स साप्ताहिकात छापलं. आपलं शरीर ट्रान्स फॅट स्वतः बनवत नाही, म्हणजे जे सापडलं ते ताटातूनच आलेलं. इतकं स्पष्ट असूनही पुढं अर्धशतक फारसं काही हललं नाही. कुमेरोंनी २००९ ला अमेरिकेच्या अन्न खात्याकडे बंदीची मागणी केली, उत्तर येईना म्हणून २०१३ ला वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी कोर्टात गेले, आणि २०१५ ला खात्यानं अर्धवट हायड्रोजनेटेड तेलं सुरक्षित नाहीत असं जाहीर केलं. २०१७ ला १०२ व्या वर्षी ते वारले. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्या पन्नास वर्षांत जगभरात किती जणांच्या रोजच्या चहाबरोबर ते पोटात गेलं असेल याचा विचार केला की रागही येतो.

आता ते हृदयात कसं बसतं ते. प्रत्येक पेशीला एक पातळ पडदा असतो आणि तो फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीच्या दोन थरांचा असतो. एका फॉस्फोलिपिडला दोन शेपट्या, म्हणजे फॅटी अ‍ॅसिडच्या दोन साखळ्या. साधारणपणे पहिल्या जागेवर सरळ म्हणजे सॅच्युरेटेड साखळी बसते आणि दुसऱ्या जागेवर वाकलेली म्हणजे अनसॅच्युरेटेड. पेशंट मागावरचे म्हणून मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, टॉवेलचा लूप असतो तशी वाकडी साखळी, ती शेजारणीला चिकटून बसू देत नाही, मधे जागा राहते आणि पडदा मऊ, हलता राहतो, आणि चादरीच्या सपाट विणीसारख्या सरळ साखळ्या एकमेकींना दाबून बसतात. ते पटकन म्हणाले, "म्हंजे ट्रान्स हा सपाट धागा." बरोब्बर. शेंगदाण्याच्या किंवा ऑलिव्हच्या तेलातलं ओलेइक अ‍ॅसिड आणि वनस्पतीतलं इलायडिक अ‍ॅसिड, दोन्हीत अणू तेवढेच, अठरा कार्बन, एकच दुहेरी बंध, तोही त्याच जागी, फरक फक्त वळणाचा. आणि तेवढ्यानं ओलेइक १३ अंशांच्या आसपास वितळतं तर इलायडिकला ४४ अंशांच्या आसपास जावं लागतं. शरीर ३७ अंशांवर असतं हे लक्षात घ्या.

म्हणून पेशी फसते. इलायडिकसारखं ट्रान्स फॅट दिसायला अनसॅच्युरेटेड पण वागायला सॅच्युरेटेड, त्यामुळं उंदरांना हायड्रोजनेटेड फॅट खाऊ घातलेल्या प्रयोगांत ते हृदयाच्या फॉस्फोलिपिडमध्ये मुख्यतः पहिल्या जागेवर, सॅच्युरेटेडच्या खुर्चीवर जाऊन बसलेलं दिसतं. हृदयात ते चरबीच्या थरापेक्षा कमीच साठतं, हेही प्रयोगांत दिसतं, हृदय थोडं निवडून घेतं म्हणा. पण ट्रान्सचे प्रकार एकच नाहीत. करडईसारख्या तेलातून मिळणाऱ्या लिनोलेइक अ‍ॅसिडची बिघडलेली रूपं, म्हणजे ज्यांना दोन दुहेरी बंध असतात आणि त्यातला निदान एक ट्रान्स असतो, ती प्रमाणानं थोडी असली तरी जास्त त्रासदायक, कारण आपल्याला अन्नातून मिळणाऱ्या चांगल्या लिनोलेइकपासून पुढच्या लांब साखळ्या बनवणारे जे एन्झाइम असतात त्यांच्या कामात ती आडवी येतात. म्हणजे नुसतं नको ते आत येऊन बसत नाही, हवं ते बनणंही कमी होतं. ज्याच्या जेवणात आधीच चांगलं लिनोलेइक आणि ओमेगा-३ (माशाच्या तेलात, जवसात असतं ते) कमी आहे त्याच्यात हे जास्त दिसतं.

आयसीयूतल्या त्या व्हीटीकडे मी परत येते. हृदयाचा ठोका म्हणजे सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचं त्या पडद्यातल्या दारांतून ठरलेल्या क्रमानं आतबाहेर जाणं. ही दारं म्हणजे प्रथिनं, आणि ती त्या चरबीच्या पडद्यात रुतून बसलेली असतात, आजूबाजूची चरबी बदलली की त्यांची चाल बदलू शकते. सिएटलच्या लेमेत्रे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सर्क्युलेशन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. अचानक हृदय बंद पडलेल्या लोकांच्या आणि तशाच वयाच्या निरोगी लोकांच्या लाल रक्तपेशींचे पडदे तपासले, तर ज्यांच्या पडद्यात लिनोलेइकची ट्रान्स रूपं जास्त त्यांच्यात धोका जवळजवळ तिप्पट निघाला, पण साध्या इलायडिक गटाचा तसा संबंध दिसला नाही. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो कारण तो सरसकट सगळं वाईट असं न म्हणता नेमकं कुठलं रूप हे दाखवतो. आमच्या पेशंटची व्हीटी ट्रान्स फॅटमुळं झाली असं मी म्हणणार नाही, झटक्यानंतरच्या पहिल्या तासांत रक्त न मिळालेला स्नायू कुणाचाही असला तरी असा बिथरू शकतो. पण ज्या पडद्यावर हा सगळा ताण आला तो पडदा कशाचा बनलेला होता हा प्रश्न त्यामुळं बिनकामाचा ठरत नाही.

लाल पेशी का तपासल्या, हृदय का नाही, असंही मुलीनं विचारलं, पोरगी हुशार आहे. जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा कोण काढणार. पण ज्यांना दुसऱ्याचं हृदय बसवलेलं असतं त्यांची बायोप्सी ठरल्याप्रमाणं होत असते, आणि २००४ साली हॅरिस यांच्या गटानं अशा पेशंटांत दाखवलं की हृदयातलं ओमेगा-३ आणि लाल पेशींतलं ओमेगा-३ एकमेकांशी चांगलं जुळतं. म्हणून लाल पेशी ही हृदयात डोकवायची खिडकी मानतात. आपल्याकडे ही तपासणी रोजच्या कामात नसते, या पेशंटचीही झाली नाही, जे काही ठरवलं ते खाण्याच्या इतिहासावरूनच.

त्याच संदर्भात मी घरच्यांना जे सांगितलं ते त्यांना सगळ्यात जास्त आवडलं, आणि मलाही या विषयातलं हेच सगळ्यात आवडतं. हृदयाच्या स्नायूपेशी फार टिकाऊ असतात. २००९ साली स्वीडनच्या संशोधकांनी मोजलं होतं, पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी नव्या होतात आणि म्हातारपणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी छातीत बऱ्याचशा पेशी लहानपणच्याच. पण त्या पेशींचा पडदा मात्र जुना नसतो, त्यातली चरबी सतत काढली आणि घातली जाते, काही आठवड्यांत-महिन्यांत बदलून जाते. बायपासच्या आधी माशाचं तेल दिलेल्या पेशंटांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा तुकडा तपासला तेव्हा महिन्याभरातच ओमेगा-३ वाढून बसलेलं दिसलं होतं. पेशी तीच, सामान रोज नवं येणार, आणि ते ताटातून येणार. ट्रान्स आत बसतं तसं बाहेरही पडतं. पोटावरच्या चरबीतलं जायला वर्षं लागतात, तिथून ते थोडं थोडं रक्तात येत राहतं, पण हृदयाच्या पडद्याला फार काळ वाट बघायला लागत नाही. लाल पेशीचं आयुष्य १२० दिवस, म्हणून मी म्हटलं संक्रांत नुकतीच झालीय, वैशाखापर्यंत खारी बंद ठेवा, तोवर अंगातल्या लाल पेशी सगळ्या नव्या झालेल्या असतील आणि त्या खारीशिवाय बनलेल्या असतील. इतका हातात धरता येईल असा काळ सांगितला की माणसं पाळतात, "आयुष्यभर सोडा" म्हटलं की ऐकून घेतात नि विसरतात.

आणखी एक जागा आहे जिची चर्चा कमी होते. हृदय आपली बरीचशी ऊर्जा चरबी जाळूनच मिळवतं, साठ-सत्तर टक्के तरी, आणि हे जाळायचं काम मायटोकॉन्ड्रियात होतं. त्यांच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाची खास चरबी असते, तिला दोनाऐवजी चार साखळ्या, आणि निरोगी हृदयात त्या चारही बहुतेक वेळा लिनोलेइकच्याच असतात. म्हणजे हृदयाला ताटातून लिनोलेइक हवंच आहे. दुसऱ्या बाजूनं, इलायडिक जाळताना उंदरांच्या मायटोकॉन्ड्रियात एका पायरीवर काम मंदावतं आणि अर्धवट जळलेला तुकडा बाहेर गळतो असं दिसलंय. जळतं ते, अडून बसत नाही, पण सहज जळत नाही.

कारणांचा दोष एकट्या खारीवर टाकायचा नाही हे मी घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं. तंबाखू होती, दिवसातून अनेकदा. वर्षानुवर्षांची रात्रपाळी, दिवसाची तुटक झोप, कारखान्यातला धागा-फुफाटा आणि मागांचा खडखडाट. भावालाही बीपी. एचडीएल खाली यायला तंबाखूही हातभार लावते, आणि ट्रान्स फॅटही तेच करतं. १९९० मध्ये मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी निरोगी लोकांना तीन-तीन आठवडे वेगवेगळ्या चरबीवर ठेवून दाखवलं की ट्रान्स एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएल खालीही आणतं, जे सॅच्युरेटेड फॅट करत नाही. म्हणून माझ्या यादीत तंबाखू एक नंबर आणि खारी दोन नंबर होती, जेवणातलं मीठ-तेल त्याच्या बरंच खाली.

काय बदललं ते थोडक्यात सांगते कारण ते अवघड नव्हतंच. रात्रीच्या चहाबरोबर कडक भाकरी. सोलापुरात हे नव्यानं शिकवायला लागत नाही, पातळ वाळवलेली ज्वारीची भाकरी डब्यात राहते, मोडून चहात किंवा चटणीबरोबर खाता येते, आणि तिच्यात घातलेलं फॅट शून्य. सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. चटणी दोन प्रकारची, शेंगाची आधीपासून होतीच, तिच्या जोडीला जवसाची घातली, कारण जवसाच्या तेलात निम्म्याच्या वर ओमेगा-३ चा वनस्पतीतला प्रकार असतो, आणि ती भरडूनच खायची, अख्खं जवस जसंच्या तसं बाहेर पडतं. तेलात शेंगदाण्याबरोबर करडई आलटून पालटून. करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलेइक, म्हणजे कार्डिओलिपिनला जे हवंय तेच, आणि हे पीक तर आपल्या जिल्ह्याचं, काळ्या रानात रब्बीच्या ज्वारीभोवती काटेरी करडईचे तास लावायची रीत जुन्या शेतकऱ्यांना विचारा. करडईवर संशोधन करणारं केंद्रही इथं सोलापुरातच आहे. अक्कांच्या माहेरी, अक्कलकोट बाजूला, अजून घाण्यावरचं करडईचं तेल मिळायचं, ते सुरू झालं. हे तेल जास्त तापवून तळायला योग्य नाही, फोडणीला आणि वरून घ्यायला ठीक, हे मात्र बजावलं. बाकी स्टेंटच्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या डॉक्टरांनी दिलेल्या, त्यात माझा काही संबंध नाही आणि त्या कुणी खाण्याच्या जोरावर बंद करू नयेत.

मधल्या काळात मी त्या खारीच्या बेकरीतही जाऊन आले. मालकांनी आढेवेढे न घेता आतला पंधरा किलोचा डबा दाखवला, लेबलवर खाण्यायोग्य वनस्पती फॅट एवढंच मोठ्या अक्षरांत, ट्रान्सचा आकडा शोधूनही सापडेना. ते म्हणाले, "लोण्यात केली तर पाकीट कोण घेणार ओ, गिऱ्हाईक कामगार आहे." त्यांचंही खोटं नव्हतं. एकट्या बेकरीवाल्याला उपदेश करून यातलं काही सुटत नाही, फॅट बनवणाऱ्या कारखान्यावरच मर्यादा यायला हवी, आणि ती आली. १० टक्क्यांवरून ५, २०२१ ला ३, आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के, नुसत्या तेल-तुपाला नाही तर त्यापासून बनवलेल्या पदार्थांतल्या फॅटलाही. डेन्मार्कनं हे २००३ लाच केलं होतं. तोच वरचा हिशोब नव्या मर्यादेनं करून बघा, शंभर ग्रॅम खारीत तीन किंवा सहा ग्रॅमऐवजी जास्तीत जास्त ०.६ ग्रॅम. इतका फरक मी कितीही पेशंट समजावले असते तरी पडला नसता.

आताच्या डब्यांवर इंटरएस्टरिफाइड फॅट असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे हायड्रोजन न घालता साखळ्यांच्या जागा बदलून घट्टपणा आणलेला, बहुतेक पाम तेलावर. ट्रान्स जवळपास गेलं पण सॅच्युरेटेड भरपूर राहिलं, त्यामुळं खारी आता पौष्टिक झाली असं कुणी समजू नये.

पेशंटचं पुढचं. तंबाखू सुटायला वर्ष गेलं, मधे एकदा पुन्हा धरली होती, बायकोनं आणि पोरीनं मिळून सोडवली. मालकाशी बोलून दिवसपाळी मिळाली, हे मला औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. वर्षभरानंतर एचडीएल ३७, ट्रायग्लिसराइड १४० च्या आत, स्टॅटिनमुळं एलडीएल ६८. इकोमध्ये हृदयाची पंपाची ताकद सुरुवातीला ४५ टक्के होती ती ५२ वर. ठोक्यांचा बिघाड पुन्हा झाला नाही, होल्टर लावून चोवीस तास नोंद घेतली तीही स्वच्छ आली. यातलं किती तंबाखूचं, किती गोळ्यांचं, किती झोपेचं आणि किती खारीचं हे एका माणसात वेगळं करता येत नाही, आणि कुणी तसं करून दाखवलं तर विश्वास ठेवू नका. पण खाण्याच्या वहीवरून एवढं नक्की की रोजचं चार-पाच ग्रॅम ट्रान्स थांबलं आणि लिनोलेइक, ओमेगा-३ वाढलं, आणि पडद्यात काय येऊन बसणार हे त्यानंच ठरतं.

गेल्या भेटीला ते मेव्हण्याला घेऊन आले होते, त्याची भजीची गाडी आहे. त्याला विचारायचं होतं की एकच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्याचं ट्रान्स फॅट होतं का. होतं, पण थोडं, नेहमीच्या तळणीच्या उष्णतेला ते फार वाढत नाही, सुरुवातीलाच कढईत वनस्पती ओतली नसेल तर मुख्य भीती ट्रान्सची नाहीच. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात पोलर कंपाऊंड, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, वाढतात, त्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून २५ टक्के आहे, त्यावर गेलेलं तेल वापरायचं नाही, आणि ते मोजायचं छोटं मीटरही मिळतं. मेव्हणा म्हणाला, किंमत काय असते त्याची. मी सांगितली, तर म्हणाला आमच्या लाइनीतल्या चार गाड्या मिळून घेऊ, आणि तोवर रोज रात्री उरलेलं तेल दुसऱ्या दिवशीच्या ताज्या तेलात मिसळायचं बंद.